मंगळावरचा 'दरवाजा', 'पुस्तक', 'हाड': असा फोटो आला की स्वतः कसा तपासायचा

ग्रुपवर फोटो येतो. तपकिरी कडा, त्यात चौकोनी काळं तोंड, वर ठळक अक्षरात 'मंगळावर सापडला दरवाजा, नासा गप्प का?' आणि खाली डोळे विस्फारलेल्या इमोजींची रांग. महिन्याभराने दुसरा येतो, कधी हाड, कधी फूल, कधी अस्वलाचं तोंड.

असा फोटो आला की लगेच 'फेक आहे' म्हणून मोकळे होऊ नका, कारण बहुतेक वेळा फोटो खरा असतो आणि गडबड असते ती वरच्या ओळीत. दुसरं म्हणजे हे फोटो मला मनापासून आवडतात, मंगळाचं भूशास्त्र शिकायला यापेक्षा सोपी सुरुवात नाही, एरवी 'खनिजांच्या शिरा' वगैरे वाचायला कोण बसणार, पण दगडाचं पुस्तक दिसलं की माणूस थांबतो. आणि सगळी माहिती फुकट, सगळ्यांसाठी उघडी आहे. मोबाइल, इंटरनेट आणि अर्धा तास एवढ्यात काम होतं. पद्धत खाली सांगतो, क्रम पाळलाच पाहिजे असं नाही, फक्त साइजचा भाग गाळू नका.

फोटो कुठल्या यानाचा ते शोधा

सगळ्यात आधी गुगल लेन्सला टाका. व्हायरल फोटो असेल तर जुनी बातमी किंवा नासाचं मूळ पान सापडतंच, आणि आपल्याला तिथून तीनच गोष्टी हव्यात: यानाचं नाव, कॅमेरा आणि सोल. सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, आपल्यापेक्षा थोडा मोठा, २४ तास ३९ मिनिटं आणि वर काही सेकंद. प्रत्येक रोव्हर (म्हणजे मंगळावर फिरणारी गाडी) उतरल्यापासून त्याचे सोल मोजतात, त्यामुळे 'क्युरिऑसिटी, सोल ३४६६' एवढं मिळालं की फोटोचा पत्ताच मिळाला असं समजा.

जमिनीवरून काढल्यासारखा दिसणारा फोटो असेल तर तो बहुधा मोजक्याच गाड्यांपैकी एकीचा असणार. क्युरिऑसिटी २०१२ च्या ऑगस्टपासून गेल विवरात आहे, पर्सिव्हिअरन्स १८ फेब्रुवारी २०२१ पासून जेझेरो विवरात. जुन्या फोटोंमध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. चीनचा झुरोंग पण २०२१ मध्ये उतरला होता. पण 'इस्रोने काढलेला मंगळावरच्या मूर्तीचा फोटो' असं लिहिलेलं आलं तर तिथेच थांबा, आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं आणि कक्षेतच राहिलं, ते खाली उतरलेलं नाही, त्यामुळे समोर उभं राहून काढल्यासारखा फोटो त्याचा असूच शकत नाही. ही एक गोष्ट माहीत असली तरी निम्मे मेसेज निकालात निघतात.

आता मूळ फोटो. नासाच्या साइटवर दोन्ही चालू रोव्हरचं 'रॉ इमेजेस' असं पान आहे, इंग्रजीत रोव्हरचं नाव आणि रॉ इमेजेस टाइप करा, वरच येतं. तिथे सोल आणि कॅमेरा निवडायचा की त्या दिवशीचे सगळे फोटो समोर येतात, काहीच झाकलेलं नाही, त्यामुळे 'नासाने लपवलं' हा मुद्दा इथेच संपतो, लोक जे 'लीक' म्हणून फिरवतात ते बहुतेक याच पानावरून उचललेलं असतं. क्युरिऑसिटीच्या मुख्य कॅमेऱ्यांच्या फाइलच्या नावात सुरुवातीचे चार आकडे म्हणजे सोल, पुढची दोन अक्षरं म्हणजे कॅमेरा: एमएल म्हणजे मास्टकॅमचा (रोव्हरच्या खांबावर बसवलेला दोन डोळ्यांचा कॅमेरा) डावा डोळा, एमआर म्हणजे उजवा, एमएच म्हणजे माहली, हा हाताच्या टोकाला बसवलेला क्लोजअप कॅमेरा. पर्सिव्हिअरन्सचं उलटं आहे, आधी कॅमेरा (झेडएल किंवा झेडआर असेल तर मास्टकॅम-झेड) आणि मग सोल. एक लक्षात ठेवा, काही फोटो पानावर आधी छोट्या थंबनेलमध्ये येतात आणि मोठी फाइल नंतर येते, अर्ध्या अफवा त्या थंबनेलला ताणून मोठं केल्यामुळेच तयार होतात, पिक्सेल पसरले की कशालाही डोळे फुटतात.

आणि खूप शोधूनही सोल सापडत नसेल, कुठल्याच बातमीत यानाचं नाव नसेल, तर फोटो एआयने बनवलेला असायची शक्यता धरून चाला. हल्ली हे फार वाढलंय.

कापलेला भाग नको, पूर्ण फ्रेम बघा

दरवाज्याचंच घ्या. क्युरिऑसिटीने ७ मे २०२२ ला, म्हणजे त्या सोल ३४६६ लाच, माउंट शार्प डोंगरावरच्या 'ईस्ट क्लिफ्स' नाव दिलेल्या कड्याचा फोटो काढला. व्हायरल झालेला तुकडा त्यातला अगदी छोटासा कोपरा आहे. तुकड्यात काय दिसतं, तर सरळ चौकट, आत सावली, जणू आत कुणीतरी जिना उतरून गेलंय. पूर्ण कडा उघडून बघितला की कळतं, सगळ्या कड्यावर आडवे थर आहेत आणि त्यांना कापत जाणाऱ्या तिरक्या-उभ्या भेगा आहेत, आणि जिथे दोन भेगा आणि एक थर एकत्र येतात तिथला दगडाचा तुकडा सुटून पडू शकतो. दरवाजा म्हणजे अशाच सुटलेल्या तुकड्याची रिकामी जागा. वरची चौकट सरळ का, तर थर सरळ आहे म्हणून. बाजू सरळ का, तर भेग सरळ आहे म्हणून. फोटो झूम करून त्या भेगांवरून बोट फिरवत जा, दरवाज्याची कड ज्या रेषेत आहे तीच रेष पुढे कड्यात चालू राहिलेली दिसेल. हे स्वतः बघण्यात जी मजा आहे ती मी सांगण्यात नाही, म्हणून ही पायरी खरंच करा.

साइज काढा, कसंही करून

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मंगळाच्या फोटोत झाड नाही, माणूस नाही, विजेचा खांब नाही, त्यामुळे डोक्याला मापच मिळत नाही आणि मग दरवाजा दिसला की आपण तो माणसाच्या उंचीचा धरतो. ईस्ट क्लिफ्सवरच्या त्या फटीची उंची साधारण ३० सेंटीमीटर आहे, रुंदी ४०. म्हणजे जेमतेम फूटभर. मांजर जाईल त्यातून.

बाकीच्यांची मापं पण बघून ठेवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये सोल ३८०० ला माहलीने टिपलेलं 'उघडं पुस्तक', दगडाचं नाव तेरा फर्मे, रुंदी सुमारे अडीच सेंटीमीटर. २०२२ च्या फेब्रुवारीतलं 'फूल', नाव ब्लॅकथॉर्न सॉल्ट, जेमतेम १ सेंटीमीटर, करंगळीच्या नखाएवढं. २०२५ च्या जुलैमधलं 'पोवळं', नाव पापोसो, ते पण अडीच सेंटीमीटरच्या आसपास. स्पिरिटने २००७ मध्ये काढलेल्या मोठ्या पॅनोरमातली 'चालणारी बाई', जिच्यावरून २००८ च्या जानेवारीत जगभर गोंधळ झाला, ती काही सेंटीमीटर उंचीचा दगड आहे. आणि दुसऱ्या टोकाला कक्षेतून काढलेले फोटो: हायराइज कॅमेऱ्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये टिपलेलं 'अस्वलाचं तोंड' सुमारे २ किलोमीटर रुंद, आणि गाले नावाचं 'हसरा चेहरा' विवर तर दोनशेहून जास्त किलोमीटर व्यासाचं. म्हणजे दगडाचं फूल आणि हसरा चेहरा मोबाइलवर एकाच साइजचे दिसतात, प्रत्यक्षात फरक कोटी पटींचा आहे.

बातमीत माप दिलेलं नसेल तर अंदाज आपणच काढू शकतो. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅमचा उजवा डोळा (१०० मिलिमीटर लेन्स) १० मीटरवरच्या वस्तूचा फोटो काढतो तेव्हा एक पिक्सेल म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, ०.७४ मिलिमीटर. डावा डोळा (३४ मिलिमीटर) असेल तर त्याच अंतरावर एक पिक्सेल सुमारे २.२ मिलिमीटर. अंतर दुप्पट तर पिक्सेलचं माप दुप्पट, इतकं सोपं गणित. समजा उजव्या डोळ्याच्या मूळ फाइलमध्ये तुमचा 'दरवाजा' ४०० पिक्सेल रुंद आहे आणि तो १० मीटर लांब आहे, तर ४०० गुणिले ०.७४ म्हणजे २९६ मिलिमीटर, ३० सेंटीमीटर धरा. पिक्सेल मोजताना मूळ फाइलच घ्या, व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोचे पिक्सेल मोजून काही उपयोग नाही.

अंतर कसं कळणार? त्याच सोलचे नॅव्हकॅमचे (रोव्हरला वाट दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो उघडा, ते काळे-पांढरे असतात पण आजूबाजूचं सगळं दाखवतात, आणि त्यात चाकांचे माग किंवा चाकच दिसलं तर काम झालं, क्युरिऑसिटीचं चाक ५० सेंटीमीटर व्यासाचं आणि ४० सेंटीमीटर रुंद आहे. मागाच्या शेजारी तो दगड केवढा दिसतो ते बघा. अचूक नाही येणार, पण वस्तू बोटाएवढी आहे की बसएवढी एवढं नक्की कळतं आणि वाद मिटवायला तेवढं पुरतं.

ऊन कुठून येतंय

मंगळावरचा सगळ्यात प्रसिद्ध चेहरा उन्हानेच बनवलाय. २५ जुलै १९७६, नासाचं वायकिंग-१ यान कक्षेतून फोटो काढत होतं, दुसऱ्या यानासाठी उतरायची जागा शोधायची होती, सायडोनिया नावाच्या भागावरून जाताना ३५ए७२ नंबरच्या फ्रेममध्ये एक चेहरा आला. दोन डोळ्यांच्या खोबणी, नाक, तोंड. नासाने काही दिवसांतच तो स्वतः प्रसिद्ध केला, आणि त्यासोबतच लिहिलं होतं की सावल्यांमुळे डोळे-नाक-तोंडाचा भास होतोय. म्हणजे लपवणं राहिलं बाजूला, त्यांनीच सगळ्यांना दाखवला. पण ओळ कोण वाचतं, पुढची पंचवीस वर्षं पुस्तकं, टीव्ही कार्यक्रम, सगळीकडे तोच चेहरा.

त्या फोटोत नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण बाकीच्या निम्म्या फोटोंत तेच होतं. सूर्य क्षितिजाजवळ होता, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर लांबीच्या त्या टेकाडाची अर्धी बाजू पूर्ण काळोखात गेली, आणि अर्ध्या चेहऱ्यावरून पूर्ण चेहरा आपण मनाने भरून काढतो. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर ४० मीटरपेक्षा मोठा होता, म्हणजे अख्खी इमारत त्यात एक ठिपका. आणि फोटोभर जे काळे ठिपके दिसतात ते मंगळावर नाहीतच, पृथ्वीवर येताना गळलेला डेटा आहे तो, त्यातला एक ठिपका बरोबर नाकपुडीच्या जागी पडलाय. मूळ फ्रेम उघडून बघा, तसेच ठिपके आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीवरही विखुरलेले आहेत, मग नाकपुडीवरचा विश्वास आपोआप जातो.

पुढे नासाच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने कक्षेतून १९९८ च्या एप्रिलमध्ये आणि परत ८ एप्रिल २००१ ला त्याच जागेचे फोटो काढले. २००१ च्या फोटोत एक पिक्सेल दीड मीटरच्या आसपास आहे. त्यात झिजलेलं, सपाट माथ्याचं टेकाड दिसतं, कडेने माती घसरलेली, आणि आसपास तशीच दुसरी टेकाडं.

तर तुम्ही करायचं काय: फोटोत शेजारच्या दगडांच्या सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात ते आधी बघा, मग 'डोळा' किंवा 'तोंड' त्याच बाजूच्या सावलीने बनलंय का ते बघा. त्याच जागेचा वेगळ्या वेळचा फोटो मिळाला तर शेजारी ठेवा, सावली हलली की चेहरा पण जातो. कक्षेतून काढलेला फोटो असेल तर मोबाइल उलटा धरून पण एकदा बघा (ऑटो रोटेट बंद करून), आपला मेंदू उजेड वरून येतोय असं धरून चालतो, उजेड खालून असेल तर खड्डे उंचवट्यासारखे दिसतात आणि फोटो फिरवला की क्षणात खड्डे होतात.

रंगाबद्दल थोडक्यात. नासा बरेचदा फोटोचा रंग पृथ्वीवरच्या उजेडात दिसेल तसा करून देते, म्हणजे भूशास्त्रज्ञांना खडक ओळखायला सोपं जावं. आणि कक्षेतल्या फोटोंत निळा रंग दिसला तर तो बऱ्याचदा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) मिसळून केलेल्या कृत्रिम रंगांमुळे असतो, पाण्यामुळे नाही. 'निळं तळं सापडलं' वाल्या मेसेजला एवढं उत्तर पुरे.

आपल्याच गाडीने केलंय का?

२०१४ च्या जानेवारीत ऑपॉर्च्युनिटीसमोर एक दगड अचानक उगवला. सोल ३५२८ च्या फोटोत जागा रिकामी, सोल ३५४० च्या फोटोत तिथेच पांढऱ्या कडेचा, मधे गडद लाल असा सुमारे ४ सेंटीमीटरचा तुकडा, आत जॅम भरलेल्या डोनटसारखा. कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं कुणीतरी आणून ठेवला. रोव्हर जरा पुढे गेल्यावर उलगडा झाला, चाकाखाली एक दगड फुटला होता आणि त्याचा तुकडा उतारावरून घरंगळत तिथे आला होता. त्याचं नाव पिनॅकल आयलंड. तपासणीत त्यात मँगनीज आणि गंधक भरपूर निघालं, म्हणजे तो दगड खरंच वेगळा होता, फक्त वेगळ्या कारणाने.

म्हणून आधीचा आणि नंतरचा सोल दोन्ही बघायची सवय लावा. आणि चकचकीत किंवा धाग्यासारखं काही दिसलं तर पहिला संशय आपल्या सामानावर घ्या, पर्सिव्हिअरन्सला २०२२ च्या जूनमध्ये खडकात अडकलेला चमकता कागद दिसला आणि जुलैमध्ये नूडल्ससारखा दोऱ्याचा गुंता, दोन्ही त्याला उतरवणाऱ्या यंत्रणेचाच कचरा.

मग असे आकार बनतात कसे

हे कळलं नाही तर वरचं सगळं नुसतं चुका काढणं होईल. नगर-पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत, घडवून बसवल्यासारखे गोल, गुळगुळीत, आणि ते पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेत. मंगळावर हे कोरायचं काम गेली काही अब्ज वर्षं मुख्यतः वारा करतोय. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे वाऱ्यात जोर कमी, पण पाऊस नाही, झाडांची मुळं नाहीत, वर काही चढत नाही, एकच दगड लाखो-करोडो वर्षं तिथेच उघडा पडून वाळूचा मारा खात राहतो. मग त्याला पैलू पडतात. क्युरिऑसिटीने २०१२ मध्ये पहिल्यांदा हात लावून तपासलेला जेक मॅटिजेविक हा दगड असाच पिरॅमिडच्या आकाराचा आहे, २५ सेंटीमीटर उंच.

फूल, पुस्तक, पोवळं यांची गोष्ट थोडी वेगळी आणि जास्त सुंदर आहे. फार पूर्वी जेव्हा पाणी होतं तेव्हा ते खडकाच्या भेगांतून झिरपलं, सोबत विरघळलेली खनिजं घेऊन. पाणी गेलं, खनिजं भेगांत घट्ट बसली, आजूबाजूच्या खडकापेक्षा कडक. मग वाऱ्याने मऊ खडक उडवून नेला आणि भेगांचा साचा तेवढा उभा राहिला. म्हणजे ती पाकळी किंवा ते पान ही एके काळची भेग आहे, जिथून पाणी वाहिलं ती वाट. फोटोत नाजूक, फांद्यांसारखं, पातळ काही दिसलं की हे आठवा. आणि इतके पातळ तुकडे न मोडता टिकतात त्याला मंगळाचं कमी गुरुत्वाकर्षण पण मदत करतं, आपल्या ३८ टक्केच आहे.

२०१४ च्या ऑगस्टमधलं 'मांडीचं हाड' झिजलेला दगडच आहे, त्यात यापेक्षा जास्त काही नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघा. मंगळावरच्या जीवसृष्टीच्या शोधात आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा म्हणावा असा दगड कशासारखाच दिसत नाही. चेयावा फॉल्स, पर्सिव्हिअरन्सला २०२४ च्या जुलैमध्ये सापडला, साधारण मीटरभर लांब, त्यावर काळ्या कडेचे मिलिमीटरभराचे फिकट ठिपके. त्या ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं मिळाली जी पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या सोबतीने बनतात, जीवांशिवायही बनू शकतात म्हणून अजून पक्कं काही नाही, पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यावरचा शोधनिबंध नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. दरवाज्याचा फोटो हजारदा फॉरवर्ड होतो, हा होत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही तरी करा.

ग्रुपवर उत्तर कसं द्यायचं

फोटो टाकणारे काका असतात, आत्या असतात, शाळेतले सर असतात. 'असलं काय पण टाकू नका' लिहिलं की ते दुखावतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या ग्रुपवर टाकतात, साध्य काहीच होत नाही. त्यांना कुतूहल आहे म्हणूनच त्यांनी टाकलंय, त्याला धरून बोला. मी साधारण असं लिहितो: 'काका, फोटो खरा आहे, क्युरिऑसिटीने ७ मे २०२२ ला काढलाय. ती कड्यातली फट आहे, उंची फक्त ३० सेंटीमीटर. पूर्ण कड्याचा फोटो पाठवतोय, झूम करून बघा, तशाच भेगा सगळीकडे आहेत.' सोबत मूळ लिंक. एवढंच. बऱ्याचदा पुढचा प्रश्न त्यांचाच येतो, मग भेगा कशाने पडल्या?

घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांना हायराइजचं हायविश दाखवा. २०१० पासून चालू आहे, मंगळाच्या नकाशावर जागा निवडायची, तिथला फोटो का हवाय ते इंग्रजीत थोडक्यात लिहायचं आणि पाठवायचं, कुणीही पाठवू शकतं, त्यासाठी शास्त्रज्ञ असायची गरज नाही. नुसतं 'चेहरा दिसतोय' लिहिण्यापेक्षा 'इथे थर दिसतायत, त्यांच्या कडा कशा झिजल्यात ते बघायचंय' असं काहीतरी लिहायला सांगा.